जीसीसीच्या मॅन्युअलमधलं ‘कॅर’चं वाक्य: टाइप वेगळा पण वागणं दुसऱ्यासारखं, म्हंजे नेमकं काय?

वावरातला_कोडर

नमस्कार मंडळी. प्रश्न तसा एकाच वाक्याचा आहे, पण त्या वाक्यापायी आमची मोटर जळता जळता राहिली म्हणून जरा पाल्हाळ लावून राहिलो, सांभाळून घ्याजा.

आमचं वावर दारव्ह्याच्या अलीकडं. विहिरीवरच्या खोलीत मी रास्पबेरी पाय (हातात मावते एवढा छोटा कॉम्प्युटर) बसवला, पाणी किती हाय ते मोजाले एक सेन्सर, अन् पाणी 30 सेंटीमीटरच्या खाली गेलं का मोटर बंद. थ्री फेजची लाईन बरेचदा रात्रीच येते अन् रात्री साप-विंचवाचं वावरात कोण जाईल, म्हणून हा सगळा उद्योग. प्रोग्राम सी मधे लिहिला. सेन्सरकडून काहीच आलं नाई तर फंक्शन -1 परत देते, अन् -1 आलं का मोटर बंद कराची, साधं सरळ. तो आकडा मी कॅर मधे (सी मधला एका बाइटचा टाइप) ठेवला, का तर कॉलेजात सरांनी सांगतलं होतं का कॅर म्हंजे -128 ते 127, लहान आकड्याले पुरते, मेमरी वाचते. (सर त्याले ‘चार’ म्हणत. ‘इथं चार घ्या’ म्हटलं का मागच्या बाकावरचे पोट्टे चार बोटं वर करत.)

लॅपटॉपवर चाललं. पायवर टाकलं, तेही आठ दिवस बरोबर चाललं. मंग एका रात्री उंदरानं का खारीनं सेन्सरची वायर कुरतडली, अन् प्रोग्राम म्हणे पाणी 255 सेंटीमीटर! विहिरीत फूटभर पाणी नाई अन् हा म्हणे 255. मोटर कोरडी चालत राहिली, बाबा पहाटे उठले अन् आवाजावरून समजले म्हणून वाचली, नाहीतर रिवाइंडिंगचा खर्च होता, बोलणे खाल्ले ते वेगळेच.

तर शोधता शोधता जीसीसीच्या (म्हंजे ज्या कंपायलरनं मी सी चा प्रोग्राम बनवतो त्याच्या) मॅन्युअलपाशी आलो. -एफअनसाइन्ड-कॅर या ऑप्शनखाली लिहून आहे, माझ्या शब्दांत सांगतो, का प्रत्येक प्रकारच्या मशीनचा आपापला डिफॉल्ट असते, कॅर हा एकतर अनसाइन्ड कॅर सारखा (ऋण आकडे नाई, 0 ते 255) नाहीतर साइन्ड कॅर सारखा (ऋण आकडे चालते, -128 ते 127). इथपर्यंत ठीक, पायवर तो अनसाइन्ड निघाला अन् -1 चे 255 झाले हे समजलं. पण पुढं म्हणते का कॅर हा त्या दोघांपासून नेहमीच वेगळा टाइप आहे, जरी त्याचं वागणं नेहमी त्या दोघांपैकी एकासारखंच असलं तरी. आता नेहमीच वेगळा अन् नेहमीच सारखा, हे दोन ‘नेहमी’ एका वाक्यात कसे बसते बाप्पा? (अन् जाता जाता, तिथं एवढ्याशा गोष्टीले ऑप्शनचे चार चार नावं काऊन, तेही सांगजा.)

अन् काऊन विचारतो, तर आमच्या इथं अभ्यासिकेत पोट्ट्यांसाठी मी मराठीत नोट्स लिहून राहिलो. त्यात मी लिहिलं, ‘कॅर हा मशीननुसार साइन्ड कॅर किंवा अनसाइन्ड कॅर असतो.’ तर एक पोट्टी म्हणे, दादा हे चूक आहे, मॅन्युअलमधे ‘असतो’ नाई, ‘सारखा असतो’ असं आहे. मी म्हटलं काय फरक पडते. ती म्हणे ते तुम्ही सांगा. आता तुम्हीच सांगा.

सेगफॉल्ट_शेगाव

इंट (पूर्णांकाचा मोठा टाइप) घ्या ना भाऊ. जिथं -1 ठेवाचं तिथं कॅर कशाले पाहिजे. एक बाइट वाचवून पायमधे कोणतं धरण बांधून राहिले? 😀

वावरातला_कोडर

इंट कालच केलं दादा, मोटर आता बरोबर बंद होते. पण प्रश्न वाक्याचा आहे, पोट्टी रोज विचारते.

रुईची_गाठ

माझं मत, हा शब्दांचा कीस आहे. मी जिनिंगमधे हिशेबाला बसतो, रिकाम्या वेळात कोडिंग. आमच्याकडं ‘खंडी’ म्हटलं का रुईची खंडी, 356 किलो. माझे आजोबा धान्याची खंडी म्हणत ती 20 मणाची. शब्द एकच, आकडा कुठं बोलताय त्यावर. कॅरचं तेच आहे, इंटेलवर बोलला तर साइन्ड, पायवर बोलला तर अनसाइन्ड. जिनिंगमधे उभं राहून खंडी म्हंजे 356 किलोच आहे, ‘356 किलो सारखी’ नाई. मंग ‘असतो’ लिहा का ‘सारखा असतो’ लिहा, हिशेब तोच. पोट्टी हुशार आहे पण इथं जास्तच ताणून राहिली.

धुऱ्यावरची

रुईची_गाठ दादा, खंडीचं उदाहरण आवडलं, ते अर्ध्या वाक्याला अगदी बरोबर लागू पडतं. पहिल्या अर्ध्याला. दुसऱ्या अर्ध्याला ते उदाहरण नेलं की माणूस हमखास चुकतो आणि मी स्वतः चुकलेली आहे म्हणून लांबलचक लिहिते. (मी फर्मवेअरचं काम करते, पुलगावजवळच्या गावी घरूनच, लाईन असेपर्यंत.)

पोरगी बरोबर आहे. ‘सारखा असणं’ आणि ‘तोच असणं’ यात सी भाषेत मोठं अंतर आहे.

असं बघा. आमच्या बाबांचं आणि मोठ्या काकांचं वावर एकाच धुऱ्याला लागून. माती तीच काळी, पाणी त्याच विहिरीचं, पेरा दरवर्षी तोच, दोघांकडं तूर-कपाशी, उतारासुद्धा उन्नीस-बीस. धुऱ्यावर उभं राहून पाहिलं तर एकच वावर वाटतं. पण सातबारा वेगळा. आता काकांच्या सातबाऱ्यावर बाबांना पीककर्ज मिळेल का? बँकेतला माणूस म्हणेल का की जाऊ द्या, पीक तर सारखंच आहे? नाही म्हणणार. त्याला पिकाशी घेणंदेणं नाही, त्याला कागद पाहिजे.

कॅरचं वागणं म्हणजे पीक. किती ते किती आकडे मावतात, बिट कसे मांडलेत, बेरीज-वजाबाकीत, तुलनेत काय होतं, हे सगळं पीक. ते पायवर अनसाइन्ड कॅरसारखं, तुमच्या लॅपटॉपवर साइन्ड कॅरसारखं, आणि तिसरं काही होऊच शकत नाही, म्हणून मॅन्युअल तिथं ‘नेहमी’ म्हणतं. टाइप म्हणजे सातबारा. तो तिघांचा तीन, कोणत्याही मशीनवर, म्हणून तिथंही ‘नेहमी’. दोन ‘नेहमी’ दोन वेगळ्या गोष्टींबद्दल आहेत, एकाच गोष्टीबद्दल असते तर वाक्य खोटं झालं असतं.

आणि हे पुस्तकी नाही, हाताला लागतं. पायवर कॅरचा पॉइंटर (मेमरीतला पत्ता) अनसाइन्ड कॅरच्या पॉइंटरला देऊन बघा, -डब्ल्यूऑल हा वॉर्निंगा चालू करणारा ऑप्शन लावून. दोन्हीकडं 0 ते 255, दोन्हीकडं तेच बिट, तरी वॉर्निंग येते. गंमत म्हणजे वॉर्निंगचा मजकूर म्हणतो की पॉइंटरची ‘साइन्डनेस’ वेगळी आहे, आणि ती तर वेगळी नाहीच! वेगळा आहे तो टाइप. तिथं मॅन्युअल चोख बोलतं आणि वॉर्निंगच ढिसाळ बोलते, त्यामुळं मी एकदा अख्खी दुपार घालवलेली आहे. लॅपटॉपवर -एफअनसाइन्ड-कॅर लावून करा, तरी तेच. ऑप्शननं पीक बदलतं, सातबाऱ्यावरचं नाव बदलत नाही.

सी प्लस प्लस मध्ये तर एकाच नावाची तीन फंक्शनं लिहिता येतात, एक कॅर घेणारं, एक साइन्ड कॅर घेणारं, एक अनसाइन्ड कॅर घेणारं, कंपायलर कुरकुर करत नाही. सी11 मध्ये जे टाइप बघून निवड करणारं जेनेरिक आलं त्यातही तिन्ही ओळी शेजारी शेजारी चालतात. हेच इंट आणि साइन्ड इंट घेऊन करा, एरर येईल, कारण ती दोन एकाच सातबाऱ्यावरची नावं आहेत, एक घरचं आणि एक शाळेतलं. म्हणून ‘कॅर म्हणजे साइन्ड कॅरचं छोटं नाव’ असं इंटवरून ताडून जे वाटतं ना, तेच मोडायला मॅन्युअलनं ते वाक्य घातलंय.

तर नोट्समध्ये ‘असतो’ नको, ‘सारखा वागतो’ लिहा.

रुईची_गाठ

बरं ताई, कान पकडले. सातबारा बसला डोक्यात. पण मले एक सांगा, असा तीन तीन सातबाऱ्यांचा घोळ घातलाच कोणी? एक ठरवून टाकाचा होता ना.

धुऱ्यावरची

भावकीसारखंच झालं, आधी वहिवाट मग कागद. सी ज्या पीडीपी-11 या जुन्या मशीनवर वाढली तिथं बाइट रजिस्टरमध्ये घेतली की चिन्ह आपोआप वरच्या बिटांत पसरायचं, म्हणून तिथं कॅर साइन्ड सोयीचा. आयबीएमच्या मोठ्या मशीनवर इबसिडिक कोड, त्यात ‘0’ ते ‘9’ ही अक्षरं 240 ते 249 वर बसलेली, आणि नियम असा की मूळ अक्षरसंचातलं अक्षर कॅरमध्ये ऋण निघता कामा नये, म्हणजे 8 बिटांत अनसाइन्डशिवाय इलाजच नाही. जुन्या एआरएमला (तुमच्या पायमधला प्रोसेसर याच घराण्यातला) तर बाइट चिन्हासकट उचलायची सूचनाच नव्हती, ती एआरएमच्या चौथ्या आवृत्तीत आली, तोवर अनसाइन्डच स्वस्त पडायचं. 1989 मध्ये एएनएसआय या अमेरिकेतल्या मानक संस्थेनं सी चं स्टँडर्ड केलं तेव्हा दोन्ही बाजूंना ढिगानं कोड लिहून झालेला होता. कोणाचं मोडायचं? म्हणून ‘साइन्ड’ हा नवा शब्द आणला, ज्याला नक्की पाहिजे त्यानं तो लिहावा, आणि नुसत्या कॅरला जिथं जशी वहिवाट तशी राहू दिली.

निळू_फुलझाडे

मी तं उलट्या बाजूनं पडलो होतो, तेही सांगतो. मराठी मजकुरात कोणती बाइट किती वेळा येते ते मोजाचं होतं (काऊन ते नका विचारू, कॉम्प्रेशनचा किडा चावला होता). 256 खणांचा अॅरे घेतला, फाइलमधून एक एक कॅर उचलला अन् त्या नंबरच्या खणात एक वाढवला. इंग्रजी फाइलवर मस्त. मराठी फाइल देल्ली का लॅपटॉपवर आकडे असे आले का जसे मटक्याचे. कारण यूटीएफ-8 मधे (अक्षरं बाइटमधे मांडाची पद्धत) आपलं देवनागरी अक्षर तीन बाइटचं, अन् तिन्ही बाइट 127 च्या वर. ‘क’ घ्या, 224, 164, 149. साइन्ड कॅरमधे तेच होते -32, -92, -107. म्हंजे अॅरेच्या मांगं जाऊन दुसऱ्याच्या वावरात नांगर हाणून राहिलो होतो! पायवर तोच प्रोग्राम बिनचूक चाले, म्हणून मी महिनाभर लॅपटॉपचीच रॅम खराब हाय म्हणत होतो.

इंग्रजीत लिहिणाऱ्याले हे जल्मात समजत नाई, त्याचे अक्षरं सगळे 128 च्या खालीच राह्यते, त्याले साइन्ड काय अन् अनसाइन्ड काय. आपल्यालेच बोचते.

अन् यासाठी वॉर्निंग हाय बरं, -डब्ल्यूकॅर-सबस्क्रिप्ट्स, -डब्ल्यूऑल मधे येऊन जाते. तिच्या खाली मॅन्युअलमधे लिहून हाय का लोक विसरते का हा टाइप ‘काही मशीनवर’ साइन्ड असते. काही मशीनवर! अरे बाप्पा, घरोघरी जो लॅपटॉप हाय त्याच्यावर साइन्ड हाय, अन् हे म्हणते काही मशीनवर. वाक्य खोटं नाई, पण वाचणाऱ्याले वाटते का कुठंतरी म्युझियममधल्या मशीनची गोष्ट चालू हाय.

तिसरा_पॅरा

थोडी भर. सी च्या स्टँडर्डमध्ये न ठरवलेल्या गोष्टींचे तीन दर्जे आहेत आणि मराठीत आपण तिन्हींना ‘ठरलेलं नाही’ म्हणून मोकळे होतो, म्हणून नोट्समध्ये हे वेगळं करा. एक, कंपायलरनं ठरवायचं आणि लिहून सांगायचं. दोन, दिलेल्या पर्यायांतलं काहीही निवडायचं, सांगायचं बंधन नाही, जसं फंक्शनला दिलेली आर्ग्युमेंटं कोणत्या क्रमानं मोजायची ते. तीन, काहीही होऊ शकतं आणि तक्रार करता येत नाही, जसं साइन्ड इंट ओव्हरफ्लो झाला तर. कॅरचं साइन्ड-अनसाइन्ड पहिल्या दर्जात येतं, म्हणजे जीसीसीला ते लिहून देणं भागच आहे.

आणि लिहिलंयही. मॅन्युअलमध्ये अशा गोष्टींचं एक अख्खं प्रकरण आहे, त्यात अक्षरांच्या भागात नुसता कॅर कोणासारखा याचं उत्तर आहे: एबीआय (त्या मशीन-सिस्टीमवर सगळ्या प्रोग्रामांनी पाळायचा करार) ठरवतं. आणि -एफअनसाइन्ड-कॅर व -एफसाइन्ड-कॅर हे दोन ऑप्शन वापरून डिफॉल्ट बदलता येतो. बस. म्हणजे तुम्ही एका टेबलावर कागद घेऊन गेलात आणि त्यांनी पलीकडच्या टेबलाकडं बोट दाखवलं. नियमानं बरोबर आहे, खरंच एबीआयच ठरवतं, पण ज्याच्या मोटरचा प्रश्न आहे त्याला काय उपयोग. निदान नेहमीच्या चार मशीनचं एक टेबल तिथं असतं तर बरं झालं असतं.

ते चार नावांचं विचारलंत ते सोपं आहे. जीसीसीत -एफ नं सुरू होणाऱ्या बहुतेक ऑप्शनला ‘नो’ लावून उलटं रूप मिळतं. इथं मुळातच एकमेकांच्या उलट दोन ऑप्शन आहेत, त्या दोघांना ‘नो’ लागलं की चार नावं होतात, एवढंच. नोट्समध्ये दोनच द्या, उरलेली दोन पोरांना कुठं मेकफाइलमध्ये दिसली तर तेव्हा सांगा.

लिनक्स कर्नलवाल्यांनी तर कंटाळून 6.2 आवृत्तीपासून सगळ्या मशीनवर -एफअनसाइन्ड-कॅरच लावून टाकलंय, म्हणजे तिथं तरी नुसता कॅर सगळीकडं सारखाच.

वावरातला_कोडर

मंडळी लय आभार, एवढं कॉलेजात चार वर्षांत नाई समजलं. काल रात्री लाईन होती तंवर करून पाह्यलं.

लिमिट्सच्या हेडरमधलं कॅर-मिन (कॅरमधे मावणारा सगळ्यात लहान आकडा) प्रिंट केलं, लॅपटॉपवर -128 अन् पायवर 0. मंग लॅपटॉपवरच -एफअनसाइन्ड-कॅर लावून जुना प्रोग्राम चालवला, सेन्सरची वायर काढून, तर तिथंही 255! म्हंजे हे मले आधी माहीत असतं तर वावरात न जाता खाटेवर बसून सापडलं असतं. अन् पायवर जुन्या प्रोग्रामले -डब्ल्यूएक्स्ट्रा लावलं तर सरळ वॉर्निंग आली का ही तुलना नेहमीच खोटी निघणार, टाइपच्या मर्यादेमुळं. मी फक्त -डब्ल्यूऑल लावत होतो, ‘ऑल’ वाचून वाटलं सगळं आलं. नावातच फसवणूक आहे म्हणा.

पॉइंटरवालं पण पाह्यलं ताई, वॉर्निंग आली, पोट्टीले दाखवली. ती काही बोलली नाई, फक्त हसली.

आता नोट्समधलं वाक्य असं केलं, पाहून सांगा:

‘कॅर, साइन्ड कॅर आणि अनसाइन्ड कॅर हे तीन वेगळे टाइप आहेत. नुसत्या कॅरमध्ये कोणते आकडे मावतात आणि तो हिशेबात कसा वागतो हे मशीननुसार ठरतं, ते कधी साइन्ड कॅरसारखं असतं, कधी अनसाइन्ड कॅरसारखं. पण सारखं वागला म्हणून तो त्या दोघांपैकी कोणी होत नाही. आकडा ठेवायचा असेल तर नुसता कॅर वापरू नये.’

धुऱ्यावरची

छान झालंय. दोन गोष्टी.

‘मशीननुसार’ ऐवजी ‘मशीन आणि सिस्टीमनुसार’ करा. अॅपलचे नवे लॅपटॉप एआरएमचेच आहेत पण तिथं कॅर साइन्ड आहे, आणि तुमचा पाय एआरएमवर लिनक्स, तिथं अनसाइन्ड. प्रोसेसर बघून ठरवलं तर उद्या एखादा पोरगा फसेल. ‘कधी’ पण काढा, त्यानं असं वाटतं की एकाच मशीनवर सकाळी एक आणि संध्याकाळी एक. ‘कुठं’ लिहा.

दुसरं नोट्सचं नाही, तुमच्या मोटरचं. तुम्ही लॅपटॉपवर तपासलं तेव्हा पाण्याचे आकडे किती दिले होते? 100 च्या आतले असणार. पावसाळ्यात विहीर भरली आणि सेन्सरनं 200 सांगितलं तर साइन्ड कॅरमध्ये जीसीसीवर त्याचे -56 होतात. म्हणजे लॅपटॉपवर जो प्रोग्राम ‘बरोबर’ होता तो विहीर तुडुंब असताना मोटर बंद करून बसला असता. आणि पायवर 255 च्या वर गेलं की पुन्हा शून्यापासून सुरू. इंट केलंत ते बरं केलंत, पण जुना प्रोग्राम ‘लॅपटॉपवर बरोबर’ होता असं पोरांना सांगू नका, तो दोन्हीकडं चूकच होता, फक्त वेगवेगळ्या ऋतूत.

सेगफॉल्ट_शेगाव

म्हटलं होतं ना इंट घ्या 😀

वावरातला_कोडर

200 चं तर डोक्यातच नाई आलं ताई, आमची विहीर सप्टेंबरात काठोकाठ असते. ‘कुठं’ केलं, ‘सिस्टीम’ टाकलं, अन् -56 वालं उदाहरण खाली जोडून देल्लं. वायर आता पीव्हीसी पाइपातून नेली. बाबा म्हणते हे आधी कराचं होतं.